ताटाची डावी बाजू

डोंबिवलीहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

पत्रलेखक ५८ वर्षांचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्त. गेली अकरा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये सहा-सात जण जमतात आणि १९४०-५० च्या दशकांतले अमेरिकन कृष्णधवल गुन्हेपट, म्हणजे ज्यांना 'फिल्म न्वार' म्हणतात ते, पाहतात. आधी सात-आठ मिनिटांचं एक जुनं कार्टून लावायचं, ही यजमानांची प्रथा. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी 'डीटूर' (१९४५) दाखवला. गटात नव्याने आलेला २९ वर्षांचा तरुण म्हणाला, हाच सगळ्यांत अस्सल न्वार, सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरांत केलेला चमत्कार. गटातले सर्वांत जुने सदस्य, पत्रलेखकांचे शाळासोबती, म्हणाले, "सेट नाही म्हणून धूर सोडलाय. ह्याला शैली म्हणायचं?" आवाज चढले. यजमान मध्ये पडले तर तो तरुण त्यांनाच म्हणाला, "काका, तुमचं प्रेम न्वारवर नाहीच, लहानपणावर आहे. म्हणून तर आधी टॉम अँड जेरी लागतं." त्या दिवसापासून शाळासोबती यायचे बंद झाले.

पत्रलेखकांना तीन गोष्टी हव्या आहेत: दोघांत बरोबर कोण याचा निवाडा, कार्टून बंद करावं का याचं उत्तर, आणि मित्राला परत आणायचा मार्ग.

पत्रातली दोन वाक्यं जशीच्या तशी देते, पुढे लागतील. एक शाळासोबत्यांबद्दल, कंसात आहे: "(हा नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संस्थांचे सेट आणि लाइट करायचा. म्हणतो, काळा पडदा लावला की परीक्षक 'सूचक नेपथ्य' लिहायचे, आणि आम्हाला माहीत असायचं की प्लायला पैसे नव्हते.)" दुसरं पान तीनवर: "मी कार्टूनं निवडून लावतो, प्रागमध्ये केलेली ती स्वस्तातली टॉम अँड जेरी मी संग्रहातून केव्हाच पुसून टाकली."

*

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी 'डीटूर' पुन्हा पाहिला. निमित्त हवंच होतं.

तुम्ही माझ्याकडे निवाडा मागताय, पण ज्या आकड्यावर हे भांडण उभं आहे तो आकडाच खोटा आहे. सहा दिवस आणि वीस हजार डॉलर ही दंतकथा. 'सहा दिवसांत केला' हे तर दिग्दर्शक एडगर उल्मर स्वतःच रंगवून सांगायचे. त्यांचे चरित्रकार नोआ आयझेनबर्ग यांनी कागदपत्रं तपासली तेव्हा खर्च एक लाख डॉलरांच्या आसपास निघाला, आणि दिवसही सहापेक्षा बरेच जास्त. चित्रपट स्वस्तातलाच होता, त्यात शंका नाही. आदल्या वर्षीच्या 'डबल इन्डेम्निटी' या मोठ्या स्टुडिओच्या न्वारला नऊ लाखांवर खर्च आला होता, म्हणजे हा त्याच्या जेमतेम नवव्या हिश्शात झाला. पण स्वस्त म्हणजे चमत्कार नव्हे आणि उरकलेलंही नव्हे. तुमच्याकडच्या तरुणाला कोंड्याचा मांडा दिसला, तुमच्या मित्राला नुसता कोंडा दिसला. कोंडा किती होता हे दोघांपैकी कुणी विचारलंच नाही.

आता त्या धुराकडे येते. नायक आणि त्याची प्रेयसी रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालतात आणि पडद्यावर जवळजवळ काहीच नाही: दिव्याचा खांब, रस्त्याच्या नावाची पाटी आणि धुकं. तुमचे मित्र म्हणतात ते शब्दशः खरं आहे. न्यूयॉर्क उभं करायला पैसे नव्हते. पुढे नायक लॉस एंजेलिसला फोन लावतो तिथे टेलिफोनच्या तारा आणि ऑपरेटर बायकांची कुठलीतरी साठ्यातली दृश्यं जोडली आहेत. तो तुकडा मला आजही ढिसाळच वाटतो, कुणी कितीही उचलून धरला तरी.

पण त्याच सिनेमात हायवेवरच्या खानावळीतला प्रसंग आहे. नायक एकटा बसलाय, कुणीतरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून जुनं गाणं लावतं, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे सरकत असताना आजूबाजूचे दिवे मंदावत जातात. शेवटी उजेडाची फक्त एक पट्टी उरते, डोळ्यांवर. समोरचा कॉफीचा कप जवळून दाखवण्यासाठी खास अवाढव्य कप बनवून घेतला होता. हे पैशाअभावी झालेलं नाही. कुणीतरी बसून, विचार करून, वेळ घालवून केलंय. आता मला सांगा, तुमच्या गटात डिमर खाली ओढून उजेड एका माणसाच्या डोळ्यांवर आणून ठेवण्याचा अनुभव किती जणांना आहे? माझ्या हिशेबाने एकालाच, आणि तोच यायचा बंद झालाय.

एक गंमत सांगते. नायक हात दाखवत, लिफ्ट मागत पश्चिमेकडे निघतो त्या भागातली काही दृश्यं उलटी छापली आहेत, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्निया म्हणजे नकाशावर उजवीकडून डावीकडे, तशीच हालचाल पडद्यावर दिसावी म्हणून निगेटिव्ह पालटली. परिणामी तिथे अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकन प्रेक्षक हे बघून हसतो. आपल्याला कळतसुद्धा नाही, कारण आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर तसंच चालतं. दहा वेळा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'ढळढळीत चूक' कशाला म्हणायचं हे बघणारा कुठल्या रस्त्यावर वाढला त्यावरही असतं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

'अस्सल न्वार कोणता' या वादातही फार दम नाही. ज्यांनी हे चित्रपट काढले त्यांच्या तोंडी हा शब्द नव्हता. ते याला मेलोड्रामा म्हणत, नाहीतर क्राइम पिक्चर. युद्धाच्या काळात अडलेले अमेरिकन चित्रपट १९४६ मध्ये पॅरिसात एकदम लागले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काहींना हे नाव दिलं. बारसंच नंतर झालं, तेव्हा जन्मतःच कोण अस्सल होतं यावर तीन शनिवार घालवू नका.

आता कार्टूनबद्दल. तुम्ही पत्रात लिहिलंय, "मला लाज वाटली." वाचून मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्या मुलाने तुम्हाला जी प्रथा पोरकट म्हणून दाखवली, ती मुळात त्या काळातल्या अमेरिकन थिएटरांचीच आहे.

१९४० च्या दशकात तिथे तिकीट एका चित्रपटाचं नसे, अख्ख्या बेताचं असे. बातमीपट, कार्टून, एखादा लघुपट, मग दुय्यम चित्रपट आणि मुख्य चित्रपट. क्रम थिएटरागणिक बदले. आपल्या जेवणाच्या पानासारखं समजा. वरण-भात आणि भाजी-पोळी म्हणजे मोठ्या स्टुडिओचा मोठ्या नट-नट्यांचा चित्रपट. चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि मीठ-लिंबाची जी डावी बाजू, तिथे कार्टून आणि 'डीटूर'सारखे चित्रपट. मुख्य चित्रपटासाठी थिएटरमालक विक्रीतला हिस्सा देई, डाव्या बाजूसाठी ठरलेलं भाडं. दुय्यम चित्रपट उत्तम निघाला म्हणून निर्मात्याला दिडकी जास्त मिळायची नाही. म्हणून खर्च आधीच आवळलेला, आणि म्हणूनच वरचे साहेब फारसे लक्षही घालायचे नाहीत. पीआरसी नावाच्या ज्या छोट्या कंपनीने 'डीटूर' काढला, तिथे एवढा अंधारलेला, निराश सिनेमा निघू शकला त्याचं एक कारण हे दुर्लक्षही होतं. कार्टूनवाल्यांचंही तेच. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रकारांना बसायला इतकी मोडकी इमारत दिली होती की त्यांनी तिचं नाव 'टरमाइट टेरेस', वाळवीची माडी, ठेवलं. तिथल्याच बॉब क्लॅम्पेटच्या १९४६ मधल्या 'द ग्रेट पिगी बँक रॉबरी'त डॅफी डक स्वतःला डिटेक्टिव्ह समजून ज्या तिरक्या सावल्यांतून फिरतो, त्या सावल्या तुमच्या शनिवारच्या सिनेमांच्या सख्ख्या शेजारणी आहेत. नीनो फ्रँकने नाव दिलं तेही त्याच वर्षी.

आणि ही कार्टूनं फक्त पोरांसाठी नव्हतीच. संध्याकाळच्या खेळाला बसलेल्या मोठ्या माणसांनाही हसवायचं होतं. ती मुलांची झाली टीव्हीवर आल्यावर. तेव्हा 'आधी टॉम अँड जेरी, मग खून' हा तुमचा क्रम बालिश नाही, १९४५ साली अमेरिकेत एखाद्या संध्याकाळी तो तसाच असू शकला असता. हे तुम्हाला माहीत नव्हतं, नुसत्या आवडीने तिथे पोहोचलात, म्हणून तर मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

तरी तो मुलगा पूर्ण चूक नाही. तुम्ही लिहिता की वडील तुम्हाला मुंबईत सकाळच्या खेळाला न्यायचे आणि कार्टून संपलं की तुमचा हात घट्ट धरायचे, कारण पुढच्या अंधाराची तुम्हाला भीती वाटायची. हे लहानपणावरचंच प्रेम आहे. मग असू दे की. आवड लहानपणी लागली म्हणून ती कमी दर्जाची, हे कुणी ठरवलं? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा शाळेच्या पुस्तकात लपवून वाचणाऱ्यांतूनच पुढे मराठीला किती तरी वाचक मिळाले. माझा एक मामा त्यांतलाच, आणि तो शेवटपर्यंत जाडजूड समीक्षाग्रंथही अर्नाळकरांचा झुंजार वाचावा तसा एका बैठकीत संपवायचा.

फक्त आठवणीची एकदा झडती घ्या, कारण ती कापून-शिवून घेतलेली असते. माझी तर आहेच. आम्ही व्हिडिओ लायब्ररीतून टॉम अँड जेरीची कॅसेट आणायचो आणि घरी टीव्ही कृष्णधवल. कित्येक वर्षं मी शपथेवर सांगायची की ती कार्टूनं न्वारसारखीच काळी-पांढरी होती. तुमच्या आठवणीतल्या घरात टॉमला ओरडणारी बाई आहे, जिचे फक्त पाय दिसतात. १९५२ पर्यंतच्या कितीतरी भागांत ती कृष्णवर्णीय मोलकरीण आहे, आणि तिचं बोलणं-चालणं त्या काळच्या वर्णद्वेषी साच्यातलं आहे. त्यावर तेव्हाही कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई चितारली, पुढे पुन्हा आवाज बदलले. तेव्हा तुम्ही नेमकं कोणतं टॉम अँड जेरी पाहिलंत, हे तुम्हालाही छातीठोक सांगता येणार नाही. ती कार्टूनं दाखवा, पण असा भाग लागला तर आधी दोन वाक्यं सांगा. तुमच्याकडची नात सुट्टीत सोबत बसते असं लिहिलंय, तिच्यासाठी तर नक्कीच.

आता पान तीन. इथे मला तुम्हाला थोडं अडवायचंय.

हॅना आणि बार्बेरा यांनी टॉम अँड जेरी केलं ते एमजीएम या स्टुडिओच्या पगारावर. सात ऑस्कर मिळवले, तरी १९५७ मध्ये तो कार्टून विभाग बंद झाला. मग १९६१-६२ मध्ये कंपनीने तेरा नवे भाग प्रागमध्ये करून घेतले. दिग्दर्शक होते जीन डाइच, एका भागाला सुमारे दहा हजार डॉलर. चेक चित्रकारांपैकी काहींनी मूळ कार्टूनं धड पाहिलीही नव्हती. हालचाली तुटक, आवाज विहिरीतून आल्यासारखे, टॉमचा नवा मालक तापट. चाहत्यांना ते भाग नकोसे झाले. तुम्ही तर पुसूनच टाकलेत, 'स्वस्तातली' म्हणून.

तुमच्या मित्राने 'डीटूर'ला नेमकं हेच केलं. तुम्ही त्याला हट्टी म्हणताय, पण तुमच्या कपाटात तुम्हीही तोच निकाल दिलाय, आणि तुमच्याशी भांडायला तिथे कुणी नव्हतं. गंमत म्हणजे त्या तरुणालाही हा प्रश्न टाकता येईल: पैसे नसणं हीच शैली असेल तर प्रागवाली टॉम अँड जेरी उत्कृष्ट का नाहीत? त्याच्याकडे चांगलं उत्तर असेलही. मला ऐकायला आवडेल.

माझं मत विचाराल तर काटकसर ना गुण ना दोष. टंचाई सगळ्यांना सारखीच भेटते, पण तिच्याशी प्रत्येक जण सारखं वागत नाही. त्याच काळात जॉन आल्टन नावाचा छायाचित्रकार 'टी-मेन' (१९४७), 'रॉ डील' (१९४८) अशा कमी पैशांच्या चित्रपटांत एखाद्या दिव्यावर अख्खी खोली उभी करायचा, बाकी काळोख. तिथे अंधार सेट लपवतो आणि गोष्टही सांगतो, दोन्ही एकदम. हे कुठे जमलं आणि कुठे नाही, ते अख्ख्या चित्रपटाला एक शिक्का मारून कळत नाही. एकेका दृश्यापाशी थांबावं लागतं.

आणि म्हणून मी सारखी तुमच्या कंसातल्या वाक्याकडे परत जाते. मला वाटतं, तुमचे मित्र सिनेमावर रागावलेच नव्हते. पंचवीस वर्षं ज्या माणसाने प्लायच्या पैशाअभावी काळे पडदे टांगले, रात्री तीनला स्टेजवर खिळे ठोकले, सकाळी सहाची गाडी पकडली, त्याच्यासमोर कुणीतरी विशीतल्या उत्साहाने सांगतं की पैसे नसणं किती सुंदर असतं. त्याला तेव्हा पैसे हवे होते हो. त्याला लाकडी जिना हवा होता. 'सूचक नेपथ्य' ह्या शब्दांवर त्याने तेव्हा हसून घेतलं असेल, पण तो हिशेब मनात राहिला असणार. तुम्हाला हे कळायला हवं होतं. त्या मुलाला नाही, तो नवा आहे. पण तुम्ही तर त्या नाटकांच्या तालमींना चहा नेऊन देत होतात, तुम्हीच लिहिलंय.

मी चुकत असेन. तसं असेल तर ते तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

त्यांना फोन करू नका, घरी जा. 'डीटूर'चा विषय काढू नका आणि 'तो पोरगा आहे, सोड' असं तर मुळीच म्हणू नका, त्यातून तेच लहान ठरतात. सांगा की पुढच्या शनिवारी 'टी-मेन' लावतोय आणि दिवे कसे लावले असतील हे आम्हाला कुणालाच कळत नाही. हे खुशामतीसाठी नव्हे, खरंच कळत नाही म्हणून. त्यांना हवं तर चित्रपट मध्येच थांबवून दाखवू दे. ते म्हणाले, "भिकार लायटिंग आहे," तर तेही ऐका, का भिकार ते विचारा. आले नाहीत तर आणखी एकदा जा. तिसऱ्यांदा मात्र नको.

त्या तरुणाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की ते वाक्य लागलं. माफी मागायला लावू नका. त्याला काढून टाकावं असं पत्रात तुम्ही आडून सुचवलंय, ते मला पटत नाही. सात काकांच्या हॉलमध्ये एकटा बसून वाद घालायला येणारा मुलगा सहज मिळत नाही. पुढच्या महिन्याची निवड त्याच्याकडे द्या. आयडा लुपिनोचा 'द हिच-हायकर' (१९५३) त्याने निवडला तर मला आनंद होईल: ७१ मिनिटं, एक गाडी, तीन पुरुष, आणि दिग्दर्शक बाई.

निवाडा मात्र देऊ नका. यजमानाने पंखा, चहा आणि प्रतीची काळजी घ्यावी. प्रतीवरून आठवलं, तुम्ही 'डीटूर' कुठली पाहिलीत? ह्या चित्रपटावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्या गढूळ, ओरखडलेल्या प्रती फिरताहेत. त्यांत धुकं, भिंत आणि कोट यांची एकच राखाडी लापशी होते. २०१८ मध्ये त्याची नीट दुरुस्त केलेली प्रत आली आहे. तुमच्या मित्राने लापशी पाहिली असेल तर त्यांचं मत लापशीबद्दल आहे. असे छोटे गट चालवणाऱ्या इतर वाचकांनाही हेच सांगेन: जुन्या अंधाऱ्या चित्रपटावर भांडण्याआधी सगळ्यांनी एकच प्रत, नीट उजेड बंद करून पाहिली आहे ना, एवढं बघून घ्या. ट्यूब चालू ठेवून न्वार पाहणाऱ्यांची पत्रंसुद्धा मला येतात, काय सांगू.

आणखी एक, हेही सगळ्यांसाठीच. चित्रपट संपल्या संपल्या बोलायला सुरुवात करू नका. आधी चहा होऊ दे. मग ज्याला आवडला नाही त्याने आधी बोलायचं, आणि एकाच दृश्याबद्दल बोलायचं. 'महान' आणि 'भंगार' हे दोन शब्द चहाच्या कपासोबत स्वयंपाकघरात ठेवून यायचं. आमच्याकडे हे चार वर्षं चाललंय. अधूनमधून मोडतं, मीच मोडते बहुतेकदा.

कार्टून चालूच ठेवा. पण 'टी-मेन'च्या आधी प्रागच्या तेरांपैकी एक मिळवून लावा, पुसलेलं परत आणा. त्यांना ते किती वाईट वाटतं ते मित्रांना सांगू दे, तरुणाला बचाव करू दे, आणि तुम्ही तेवढ्या वेळात फक्त टॉम जिथे पडतो तिथे मागची भिंत कशी रंगवली आहे ते बघा. मग मला कळवा.